अर्धा सूर वर

सुदाम,

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत माणूस रडून मोकळा होतो म्हणतात. मी अजून चिडलेलाच आहे.

तुझ्या शोकसभेला आलो होतो. विहार भरला होता. कोणी म्हणालं, सुदाम मास्तरांनी अर्धं नागपूर नाचवलं. कोणी म्हणालं, असा शिस्तीचा बँडमास्टर पुन्हा होणे नाही. मग माझं नाव पुकारलं. मी माइकपर्यंत गेलो, घसा बसलाय म्हणालो आणि परत येऊन सतरंजीवर बसलो. बायकांना वाटलं, गहिवरून आलं. तुझ्या पोराने, मिलिंदने, स्मरणिकेसाठी चार ओळी मागितल्या, त्याही दिल्या लिहून. पन्नास वर्षांची मैत्री, मोठ्या मनाचा माणूस वगैरे. त्या ओळी कोणाच्याही मित्राला चालल्या असत्या. खरं काय ते इथे लिहितोय, आणि हे मिलिंदच्या हाती पडणार नाही.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून तू तो ग्रामोफोन आणलास तेव्हा आपण विशीत होतो. दुसऱ्यांच्या बँडमध्ये लग्नसराईपुरते फुंकत होतो. तू सॅक्सोफोन, मी ट्रम्पेट. रेल्वेतला एक म्हातारा अँग्लो-इंडियन गार्ड घरदार आवरून मुलीकडे परदेशी चालला होता. तू त्याच्याकडे पंखे काढून द्यायला गेलास आणि येताना सायकलच्या कॅरिअरला ग्रामोफोन बांधून आणलास. सोबत पाच रेकॉर्डी. त्यांच्यावरची अक्षरंसुद्धा पुसली गेली होती. दुपारी तुमच्या पडवीत आपण पहिली लावली.

मी ते विसरलेलो नाही, कितीही चिडलो तरी. चौदा-पंधरा वाजवणारे, आणि एकाच छातीतून श्वास घेत असल्यासारखे. सॅक्सोफोनवाले एक वाक्य टाकायचे, ट्रम्पेटवाले ते मधेच तोडायचे, ट्रॉम्बोनवाले मागून खोडी काढायचे. आणि ठोका सरळ पडायचाच नाही. जरा रेंगाळायचा, मागच्या पायावर भार देऊन थांबायचा, आणि आता पडला म्हणेस्तोवर पुढे निघून गेलेला असायचा. तुझी आई आत भाकरी थापत होती. दुसऱ्या रेकॉर्डीपर्यंत तिचा हात त्याच ठोक्यावर पडायला लागला, तिच्या लक्षातही आलं नाही. आपण दोघं हसलो. गार्डने तुला सांगितलं होतं, याला स्विंग म्हणतात. बस, त्या दिवशी ठरलं की आपला स्वतःचा बँड काढायचा आणि हे वाजवायचं.

तुझे बाबा भडकले. त्यांच्या पिढीचं रास्तच होतं ते. त्यांच्या बापजाद्यांनी गावच्या पाटलाच्या दारात डफडं वाजवलं, आणि ज्या वर्षी तुझ्या बाबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी ते डफडं स्वतःच्या हाताने आडात टाकलं. पोराने पुन्हा लग्नाच्या दारात उभं राहावं हे त्यांना सहन होणार नव्हतं. मी तिथेच बसलो होतो. "आम्ही टाकलं आडात, अन् तू गोंड्याचा कोट घालून त्याच दारात चालला," एवढंच म्हणाले. त्यावर तू त्यांना गार्डकडून ऐकलेलं सांगितलंस. हा बाजा ज्या काळ्या लोकांनी उभा केला त्यांचे आजे गुलाम होते. ते मोठमोठ्या हॉटेलांत वाजवायचे, पण त्यांना आत शिरावं लागायचं स्वयंपाकघराच्या दाराने. "त्यायले बी मागच्या दारानं घेत, अन् मंग त्यायच्याच बाजावर रात रात नाचत," तू म्हणालास. "हे आपल्याले कोणी वाटून देल्लं नाही, बाबा. हे मी स्वतः उचललं."

बाबा उठून आत गेले. पण तू त्या दिवशी स्वतःला एक अट घालून घेतलीस. वाजवायचं तर जसं आहे तसं. केसाचाही फरक नको. बँडवाल्यांना काय, धुडगूस घालता येतो, असं कोणी म्हणता कामा नये.

नोटेशन कोणाला येत होतं? चार महिने आपण त्या पाच रेकॉर्डी कानाने उतरवल्या. तू दोन-दोन ओळी लावायचास, पिन उचलायचास, एकेकाच्या तोंडून गाऊन घ्यायचास आणि मगच वाद्य हातात द्यायचास. शिकवणं तुझ्याकडून शिकावं, हे मी आजही म्हणेन. ठोक्याच्या मागे कसं राहायचं, घाई झाली की पायाने नाही तर श्वासाने कसं सावरायचं, ते तू मला दिलंस. ते दुसऱ्या कोणी दिलं नसतं.

पण ती पाचही गाणी बोटांत बसेनात. तुला आठवतं ना? रेडिओवरची सिनेमाची गाणी आपण एका दुपारी बसवायचो. ट्रम्पेटला तीनच बटणं. काही पट्ट्यांमध्ये बोटं आपोआप पडतात आणि काहींमध्ये गाठी बसतात. ही पाचही गाणी नेमकी गाठीच्या पट्टीत. मी तुला विचारलं होतं, की ज्यांनी ही ट्रम्पेटसाठी बांधली ते काय बिनडोक होते? कोणता वाजवणारा स्वतःलाच अशी शिक्षा करून घेईल? तू म्हणालास, "त्यायची मेहनत आहे थे. तू मेहनतीले काहून भिऊन राहिला?" मी ट्रम्पेट पुन्हा तोंडाला लावलं. एवढा साधा प्रश्न होता, सुदाम. त्याच दिवशी आपण दोघांनी तो धरून ठेवायला हवा होता.

त्यातलं सगळ्यात अवघड गाणं पहिल्यांदा वाजवलं सावनेरला, एका कोळसा खाणीतल्या फोरमनच्या घरच्या लग्नात. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायला लागला, घोडेवाला वैतागून लगाम धरून बाजूला उभा. त्या गाण्याला नाव नव्हतंच, तेव्हापासून ते 'सावनेर' झालं. पुढे लोक बुकिंग करतानाच म्हणायचे, सावनेर वाजवणार असाल तर बोला. ना त्याला शब्द, ना ते आपल्या मुलखातलं. पण आजीबाईपासून पोरापर्यंत पाय हलवल्याशिवाय कोणी उभा राहिला नाही. यावरून आपण किती भांडलो. तू म्हणायचास, हे टिकतं ते ठोक्यातल्या त्या रिकाम्या जागेमुळे, माणूस ती स्वतःच्या पायाने भरायला जातो. मी म्हणायचो, हे टिकतं कारण ते एकट्याला वाजवता येत नाही. भांडण तसंच राहिलं.

आणि मग जयंतीची मिरवणूक. आपण सावनेर घेतलं आणि तुझे बाबा गर्दीतून वाट काढत बँडच्या बाजूने चालायला लागले. पूर्ण गाणं चालले. संपल्यावर तुझ्याजवळ येऊन म्हणाले, "बरोबर वाजवतो." तू सॅक्सोफोन पुसत खाली बघत राहिलास. मला वाटलं, आता सगळं मिळालं तुला.

सावनेरचा शेवट माझा होता. सगळे थांबायचे आणि ट्रम्पेट एकटं पायऱ्या चढल्यासारखं वर जायचं, शेवटच्या सुरावर थांबायचं. नऊ वर्षं तो सूर मी लावला. वरातीत दोन तास चालून, धुळीत, ओठ सुजलेले असताना. ट्रम्पेटवाल्याच्या ओठांना मर्यादा असते आणि ती अगदी बारीक असते. अर्धा सूर खाली म्हणाल तर दिवसभर लावतो. अर्धा सूर वर म्हणाल तर रक्त येतं. नवव्या वर्षी माझा सूर फुटायला लागला. लागोपाठ दोन लग्नांत फुटला. तिसऱ्यांदा फुटला तो लकडगंजमध्ये, लाकडाच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या दारासमोर, संध्याकाळी सहा वाजता. वऱ्हाडी हसले. तू वरात थांबवलीस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "शालिक, तुह्या ओठात दम नाही राह्यला. मांगं जाय."

पुढे आला कामठीचा, लष्करी बँडमधून निवृत्त झालेला एक धिप्पाड गडी. त्याचा सूर लागायचा. मी दोन महिने मागच्या रांगेत फुंकलं आणि सोडून दिलं. ट्रम्पेट ट्रंकेत टाकलं आणि नोकरी धरली तीही लकडगंजमध्येच, आरागिरणीवर ओंडके मोजायची. रोज त्याच दारावरून जायचो. अकरा वर्षं आपण बोललो नाही. माझ्या सुनंदाच्या लग्नात तू न बोलावता आख्खा बँड घेऊन आलास, मांडवाबाहेर सावनेर वाजवलंस, कामठीवाल्याने शेवटचा सूर खणखणीत लावला आणि तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, हा मला माझ्याच दारात हिणवतोय. पाव्हणे होते म्हणून हात जोडले आणि आत गेलो. पुढे बोलणं सुरू झालं, चहापाणी झालं, एकमेकांच्या आजारपणात डबे पोचले. सावनेरचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

सुनंदाची मुलगी, माझी नात प्रज्ञा, आता नोकरीला लागली आहे. आम्ही सगळे हुडकेश्वरला राहतो. दर रविवारी सकाळी ती धरमपेठेत एका हॉलमध्ये नाचायला जाते. वीस-पंचवीस पोरंपोरी, आणि नाचतात कशावर म्हणशील? स्विंगवर. त्यांच्या आजोबांनीही ज्यांची नावं ऐकली नाहीत अशा लोकांच्या बँडवर. मी तिला विचारलं, एवढी नवी गाणी असताना हे का? ती म्हणाली, "आजोबा, याच्यावर अनोळखी माणसाचा हात धरला तरी दोन मिनिटांत जमून जातं." हे उत्तर तुझं की माझं, ते मला ठरवता आलं नाही. पण भांडण पोरीने मिटवलं एवढं खरं.

साडेचार महिन्यांपूर्वी तिने मला फोनवर एक गाणं ऐकवलं. सावनेर. मी लगेच ओळखलं, पण ते मंद होतं, आणि खालच्या सुरात. मी तिला म्हणालो, तुझ्या मोबाइलची बॅटरी उतरली आहे, गाणं ओढून राहिलं. ती हसली, म्हणाली की मोबाइलमध्ये असं होत नाही. मग तिने तेच गाणं दुसऱ्या बँडचं लावलं, तिसऱ्याचं लावलं, चौथ्याचं. सगळे त्याच खालच्या सुरात. बरोबर अर्धा सूर.

मी ट्रंक उघडली. बटणं जाम झाली होती, तेल घातलं, खिडकी लावून घेतली आणि त्या सुरात सावनेर धरलं. सुदाम, बोटं आपोआप पडली. एकही गाठ नाही. ज्याने बांधलं त्याने ट्रम्पेटवाल्याच्या हाताला दूध-भात भरवावा तसं बांधलं होतं. आणि मला तुझ्या ग्रामोफोनच्या बाजूचा तो वेगाचा खटका दिसला, गंजून एका जागी घट्ट बसलेला. आपण चार महिने खपून, केसाचाही फरक न करता, एक बिघडलेलं यंत्र पाठ केलं होतं. तबकडी जोरात फिरत होती, म्हणून गाणंही जलद आणि सूरही वर. माझा ओठ नऊ वर्षं जो सूर लावत होता, तो त्या गाण्यात नव्हताच.

तेव्हा मला हसू आलं, खरं सांगतो. वाटलं, दोघं म्हातारे मिळून यावर हसू. ओठ जरा जमेपर्यंत तीन महिने सराव केला आणि पिशवीत ट्रम्पेट घालून तुझ्याकडे आलो. तू पलंगावर, नाकात नळी. मिलिंद चहा ठेवून बाहेर गेला. मी प्रज्ञाचा फोन तुझ्या उशीवर ठेवला आणि गाणं लावलं. तू डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलंस.

"मले माहीत होतं, शालिक," तू म्हणालास.

मला वाटलं, तुला कळलं नाही मी काय सांगतोय. मी पुन्हा समजावलं, खटका, वेग, अर्धा सूर. तू हाताने थांबवलंस आणि मग दम खात खात सांगितलंस. ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली होती म्हणून तू तो सीताबर्डीला दुरुस्तीला टाकलास. मिस्त्रीने स्प्रिंग बसवली, गंज काढला आणि वेगही नीट करून दिला. घरी आणून लावलास तर सगळं खालच्या सुरात. तू परत गेलास. मिस्त्री म्हणाला, हाच बरोबर आहे. तू त्याला म्हणालास, मला पहिल्यासारखा करून दे. आणि त्याने दिला.

मी विचारलं, हे कधीचं? तू म्हणालास, लकडगंजच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचं.

मी प्रज्ञाचा फोन उशीवरून उचलून खिशात ठेवला. शेवटी एवढंच विचारलं, "मंग मले काहून काढलं?"

तू भिंतीकडे तोंड केलंस. "बाप म्हणला होता, बरोबर वाजवतो. जिंदगीत एकडाव म्हणला. त्याले काय सांगू?"

तुझे बाबा लकडगंजच्या लग्नानंतर सहा वर्षांनी वारले, सुदाम. त्यांच्यानंतर तरी तू एक दिवस लकडगंजला येऊ शकला असतास. मी कुठे लपलो नव्हतो. अर्धा सूर खाली घ्यायला काय लागत होतं? कोणाला कळलं असतं? तेही मी तुला त्या दिवशी विचारलं. माझ्या पोरीच्या मांडवाबाहेर तू माझ्याकडे का बघितलंस, ते मात्र मला तिथे बसल्या बसल्या कळलं. ते हिणवणं असतं तर बरं झालं असतं; तू माफी मागत होतास.

मग तू पिशवीकडे बघितलंस. बाहेर आलेलं ट्रम्पेटचं तोंड दिसत होतं. "वाजवून दाखव नं," म्हणालास. "खालच्या सुरात. मी कधीच नाही ऐकलं तुह्याकडून."

त्यासाठीच आणलं होतं मी ते. तीन महिने त्यासाठीच ओठ घासला होता. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "ओठात दम नाही राह्यला."

आणि निघालो. मिलिंद दारात भेटला, चहा घेतला नाही का म्हणून विचारलं. त्यानंतर तू सव्वीस दिवस होतास. चार वेळा मी चप्पल घातली आणि काढली. फोन मिलिंदचाच आला.

तुझ्या अंत्ययात्रेत आपल्या बँडचे उरलेले पाच जण चालले. त्यांनी काही वाजवलं नाही, विहारातल्या मंडळींनी वंदना म्हटली. पण प्रज्ञाच्या नाचणाऱ्या पोरांनी ठरवलं की सुदाम मास्तरांच्या आठवणीत एक रविवार आपल्या बँडवर नाचायचं, सावनेरवर. कामठीचा गडी कधीच गेला. ट्रम्पेटवाला मीच उरलो होतो.

तो रविवार परवा झाला. हॉलमध्ये जमलो तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की अर्धा सूर खाली घ्यायचं, चालही जरा कमी. देविदास, तुझा क्लॅरनेटवाला, अजून तसाच खवचट आहे. "मास्तरच्या सुरात नाही? काहून गा?" त्याने विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. सगळं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. चाळीस वर्षं ज्यांच्या डोक्यात मी ओठ गेलेला माणूस होतो ते पाचही जण समोर बसले होते, आणि त्यांच्यासमोर मला माझा ओठ परत मिळाला असता.

मी म्हणालो, म्हातारा झालो, आता वर जात नाही. त्यांनी माना डोलावल्या. तुझी लाज राखायला मी हे केलं असं समजू नकोस. ती राखायची माझी इच्छा नाही. मला तुझे बाबा दिसत होते, बँडच्या बाजूने चालताना. त्यांचा तो एक शब्द मला खोटा पाडता येईना. म्हणजे तू जे केलंस तेच मीही केलं, आणि याचा तर मला तुझ्याहून जास्त राग येतो.

आम्ही वाजवलं. पोरं नाचली. गुडघे दुखणारे आम्ही सहा म्हातारे आणि आमच्यासमोर ती पंचवीस पोरं, कोणी कोणाचा हात सोडत, कोणी धरत. चाल कमी केल्यावर ठोक्यातली ती रिकामी जागा केवढी मोठी झाली होती ते तू ऐकायला हवं होतंस. मग सगळे थांबले आणि मी वर निघालो. सूर लागला. न थरथरता, न घासता, मला हवा तेवढा वेळ थांबला. एकाहत्तराव्या वर्षी.

टाळ्या झाल्या. देविदासने खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "चालते गा. या उमरीत इतकं लागलं, लय झालं."

मी हो म्हणालो. तो सूर जसा होता तसा पहिल्यांदा लागला, हे त्या हॉलमध्ये कोणालाही कळलं नाही. कळलं असतं फक्त तुला. आणि तू मागितलास तेव्हा तो माझ्या पिशवीत होता, सुदाम, आणि मी दिला नाही.